द्राक्षाची कात्री

माझ्या उजव्या हाताची अंगठ्याशेजारची दोन बोटं जन्मापासून एकमेकांना चिकटलेली आहेत. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. दुखत वगैरे काही नाही. लिहिता येतं, भाकरी थापता येते, स्कूटर चालवता येते. लहानपणी डॉक्टरांनी सांगितलं होतं की वरच्या पेरात दोन्ही बोटांचं हाड एकच आहे, सोडवायला गेलं तर दोन्ही कामातून जातील, त्यापेक्षा आहे ते असू द्या. आईबाबांनी असू दिलं. मीही असू दिलं. या हाताला एकच गोष्ट कधी जमली नाही, ती म्हणजे दगड-कागद-कात्रीतली कात्री.

हसण्यावारी नेऊ नका. ज्या वयात शाळा सुटल्यापासून दिवे लागेपर्यंतचा वेळ सोडला तर बाकी दिवस नुसता काढायचा असतो, त्या वयात कात्री न येणं फार महागात पडतं. कुठलाही खेळ सुरू व्हायच्या आधी राज्य कुणावर ते ठरवावं लागतं, आणि ते ठरतं दगड-कागद-कात्रीनं. आता समोरच्याला कात्री येत नाही म्हटल्यावर आपण काय करायचं? कागदच टाकत राहायचा. त्यानं दगड टाकला तर आपण जिंकलो. त्यानं कागद टाकला तर सेम, परत टाका. आपण हरायचा प्रश्नच नाही. कळवणच्या शाळेतल्या दुसरीच्या पोरांनी एका मधल्या सुट्टीत हे शोधून काढलं. तेव्हापासून मी मधल्या सुट्टीत पायरीवर बसून डबा खायचे, आणि तो संपला तरी झाकण उघडझाप करत बसायचे.

मग बाबांची बदली नाशिकला झाली. ते सरकारी कचेरीत कारकून होते. मखमलाबादच्या रस्त्याला तेव्हा नवी घरं झाली होती, एका ओळीत, सगळ्यांना सारखंच लोखंडी फाटक. गल्ली संपायची तिथून द्राक्षाची बाग सुरू व्हायची. आता तिथं इमारती आहेत आणि त्यांच्या नावात तेवढा 'मळा' उरलाय. पण तेव्हा खरी बाग होती, तारेचं कुंपण होतं, आणि कुंपणाच्या अलीकडे पाण्याची एक मोठी सिमेंटची टाकी होती, जिच्यामागे चार-पाच जणं सहज लपायची.

बाग ज्यांची, त्यांचं घर गल्लीच्या टोकाला. त्यांची मुलगी माझ्याहून दोनेक वर्षांनी मोठी. अंगानं भरलेली, आवाज असा की बागेच्या त्या टोकाला काम करणाऱ्या आईला ती गल्लीतून हाक मारायची आणि आई ओ द्यायची. तिला सगळे ताई म्हणायचे, तिच्याहून मोठी मुलंसुद्धा. तिचं खरं नाव मला बऱ्याच दिवसांनी कळलं आणि ते तिला शोभत नव्हतं.

पहिल्याच संध्याकाळी आईनं मला घराबाहेर ढकललं. गल्लीत डबा ऐसपैसची तयारी चालली होती. हल्लीच्या मुलांना समजावून सांगावं लागतं म्हणून इथंही सांगते. ज्याच्यावर राज्य, तो रिकाम्या डब्याची राखण करत लपलेल्यांना शोधतो. सगळे सापडायच्या आत कुणी धावत येऊन डब्याला लाथ मारली, की तोवर सापडलेले सगळे सुटतात आणि राज्य त्या बिचाऱ्यावरच राहतं. कुणी डबा उडवला नाही, तर पहिला सापडलेला पुढचं राज्य घेतो.

हात पाठीमागे ठेवायची मला सवय होती, पण हात मागे ठेवून दगड-कागद-कात्री खेळता येत नाही. समोरच्या घरातल्या मास्तरांचा मुलगा गल्लीतला नियमांचा मालक होता. तो 'स्टोन-पेपर-सीझर' म्हणायचा, आणि तेही इंग्रजीच्या तासाला म्हटल्यासारखं. त्यानं माझा हात बघितला, जरा विचार केला आणि म्हणाला, "तुला डावा हात चालेल."

नुकतंच त्यानं एकाला डाव्या हातानं टाकलं म्हणून बाद केलं होतं. गल्लीत डावा कुणालाच चालत नव्हता. मला चालणार होता. 'तुला चालेल' हे दोन शब्द कुणी माझ्याशी बोललं की माझं डोकं आजही फिरतं. का ते, ज्यांच्याशी लोक असं बोललेत त्यांना विचारा.

मी हात परत पाठीमागे नेला, तसा त्यानं दुसरा तोडगा काढला. "नाहीतर हिला लिंबूटिंबू करू."

लिंबूटिंबू म्हणजे खेळात असतो, पण मोजला जात नाही. त्याच्यावर राज्य येत नाही. तो सापडला तरी सापडला नाही. आणि त्यानं काही पराक्रम केला तर तोही झाला नाही. घरी ठेवलं तर भोकाड पसरतात अशा तीन-चार वर्षांच्या भावंडांसाठी ही सोय आहे. मी आठ वर्षांची होते आणि कळवणला पळण्याच्या शर्यतीत मुलांच्याही पुढे असायचे.

तणतणत जाऊन मी टाकीमागे लपले. राज्य मास्तरांच्या मुलावर होतं. ताई सगळ्यांत आधी सापडली, फाटकामागे उभी राहिलेली. तिला लपणं जमायचंच नाही, अर्धी ती बाहेर राहायची. मग एकेक करत बाकीचे सापडले. शेवटी मी उरले. तो जरा लांब गेल्याबरोबर मी निघाले आणि अशी धावले की डबा उडून थेट तारेपलीकडे बागेत जाऊन पडला. सगळे "सुटलो, सुटलो" करत नाचायला लागले. ताई तर सगळ्यांत जास्त.

मास्तरांचा मुलगा शांतपणे तारेखालून आत गेला, डबा घेऊन आला आणि म्हणाला, "हिनं उडवलेला धरत नाहीत. लिंबूटिंबू आहे ती. ताई पहिली सापडली, राज्य ताईवर."

ताई त्याच्याशी भांड भांड भांडली. शेवटी नियम तो नियम म्हणून तिला राज्य घ्यावं लागलं. डब्यापाशी जाण्याआधी तिनं वळून माझ्याकडे असं काही बघितलं की मला वाटलं, ही आता मला धरून बदडणार. मी घरी पळाले आणि आईच्या पदरात तोंड घालून रडले. उद्यापासून खेळायला जायचं नाही असं ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ताई स्वतः घरी आली. आईला म्हणाली, "काकू, हिला पाठवा, काम हाय." मी घाबरत बाहेर गेले. गल्लीतली सगळी मुलं फाटकापाशी जमवलेली होती. ताईनं फ्रॉकच्या खिशातून एक कात्री काढली.

द्राक्षाचे घड मण्यांनी गच्च झाले की मधले काही मणी कापून काढावे लागतात, म्हणजे उरलेल्यांना फुगायला जागा मिळते. त्याला विरळणी म्हणतात. विरळणीच्या दिवसांत ताईची आई बायकांच्या टोळीबरोबर सकाळपासून मांडवाखाली मान वर करून उभी असायची. तिची ही कात्री. बारीक टोकांची, स्प्रिंगची, आणि बोटं घालायला कड्या नसलेली. एका बाजूला अंगठा ठेवायचा, दुसऱ्या बाजूला दोन बोटं जुळवून ठेवायची, आणि दाबायचं.

"ही कशी धरत्यात?" ताईनं विचारलं. स्वतःच धरून दाखवली. "अशी. मग आपण हे असलं काय करतो?" तिनं दोन बोटं फाकवून नेहमीची कात्री दाखवली आणि तोंड वाकडं केलं. "ही शिंप्याची कातर. आपण काय शिंपी हाय का? आपण नाशिकचे. आपल्याकडं द्राक्षं. आजपास्नं गल्लीत द्राक्षाचीच कातर."

"असा नियम नाही," मास्तरांचा मुलगा म्हणाला.

"बाग कुणाची? टाकी कुणाची? लपायला कुठं जाता?"

ताईनं आणखी एक पुस्ती जोडली. कात्री टाकताना दोन बोटं जुळलेली पाहिजेत, मध्ये फट दिसली तर हात बाद. त्या संध्याकाळी खेळ झालाच नाही. सगळी गल्ली ओळीनं उभी राहून बोटं जुळवायचा सराव करत होती. कुणाची करंगळीकडे सरकायची, कुणाची ऐन वेळी फाकायची. एकानं तर घरून रबरबँड आणून बोटांना लावला आणि ताईनं तो उपटून फेकला. माझी बोटं मात्र कधीच सुटत नव्हती. पहिल्यांदाच कुठल्यातरी बाबतीत हा हात गल्लीतला सगळ्यांत भरवशाचा हात ठरला.

आणि मी विचारलंही नाही की हा नियम आजच का झाला. आठ वर्षांच्या मुलीला नाशिकबद्दल काय माहीत असतं? इथं द्राक्षं होतात, म्हणून इथली कात्री द्राक्षाची. मला ते पटलं. कळवणच्या पोरांना हे माहीत नव्हतं, ती त्यांची चूक.

आमच्या गल्लीचे बाकीचे नियमही असेच कुणाच्या तरी डोक्यातून निघालेले होते. हात 'कात्री' म्हणतानाच पडला पाहिजे, त्यानंतर नाही. कळवणला आम्ही नंतर टाकायचो, त्यामुळे सुरुवातीला माझ्यावर मागून टाकल्याचा आळ आला आणि मी हमरीतुमरीवर आले. दिवसाचा पहिला डाव कच्चा, दुसऱ्यापासून पक्का. हरल्यावर 'माझं लक्ष नव्हतं' म्हणणाऱ्याला एकदा माफी, नंतर कट्टी. एक मुलगा सुट्टीत ठाण्याला मामाकडे जाऊन 'विहीर' नावाचा चौथा हात शिकून आला. मूठ अर्धी उघडी ठेवायची, दगड आत बुडतो, कात्रीही बुडते. ताईनं दोन दिवस चालू दिलं आणि मग म्हणाली, "विहिरीत समदंच बुडतंय, मग खेळायचं कशाला?" विहीर बुजवली गेली. बंदूक, आग, पाणी आणि नागोबा यांचे अर्जही असेच नामंजूर झाले. मास्तरांच्या मुलाचं आता कुणी ऐकत नव्हतं. तो मोठेपणी वकील झाला असं ऐकलं, आणि मला मुळीच आश्चर्य वाटलं नाही.

त्यानंतर काही दिवसांनी माझ्यावर पहिल्यांदा राज्य आलं. सरळ हरून आलं. मी दगड टाकला, समोरच्यानं कागद. मी उड्या मारत डब्यापाशी गेले. घरी आल्यावर आईला सांगितलं, "आज माझ्यावर राज्य आलं." आईला वाटलं मुलांनी त्रास दिला, ती चिडून ताईच्या घरी निघाली होती. तिला समजावता समजावता मला दम लागला.

गल्लीचा हा नियम एकदा बाहेरही चालला. रस्त्यापलीकडच्या सोसायटीच्या गणपतीत दरवर्षी मुलांच्या स्पर्धा असायच्या. त्या वर्षी पावसानं मैदानाचा चिखल केला, पोत्यातली शर्यत आणि लिंबू-चमचा रद्द झाले. मांडवात उभं राहून काय खेळता येईल याचा विचार करून एका कॉलेजातल्या दादानं माइकवर जाहीर केलं, दगड-कागद-कात्री, तीनातून दोन. आमच्या गल्लीतला पहिला मुलगा पुढे गेला आणि त्यानं द्राक्षाची कात्री टाकली. दादा म्हणाला, "हे काय? पिस्तूल चालणार नाही. बाद."

ताई थेट स्टेजवर चढली. "पिस्तूल नाय, द्राक्षाची कातर हाय ती. नाशकात राहता आन द्राक्षाची कातर माहीत नाय?"

मांडवात हशा पिकला. दादाचे कान लाल झाले. पुढच्या खुर्चीत टोपी घातलेले एक बागवाले आजोबा बसले होते. ते म्हणाले, "पोरीचं बरोबर हे. इरळणीची कातर अशीच धरत्यात." झालं. दोन्ही कात्र्या चालतील असं माइकवर जाहीर झालं. माझ्या दृष्टीनं त्या दिवशी या कात्रीवर सरकारी शिक्का बसला.

त्या स्पर्धेत मी शेवटच्या फेरीपर्यंत पोचले. समोर ताई. तोवर ती माझी सख्ख्या बहिणीसारखी झाली होती. मला मनातून वाटत होतं की ती मला जिंकू देईल. बक्षिसाचा स्टीलचा डबा टेबलावर चमकत होता, आणि माझ्या शाळेच्या डब्याचं झाकण उघडझाप करून करून सैल झालं होतं, हे तिला माहीत होतं. ताईनं मला सलग दोन डावांत हरवलं आणि डबा घेऊन गेली. मला उत्तेजनार्थ एक खोडरबर मिळालं. मी बरेच दिवस तिच्याशी बोलले नाही. ती रोज त्या नव्या डब्यातून मला घरचे बेदाणे आणून द्यायची, मी ते खायचे आणि बोलायचे नाही.

पुढे जे सगळ्यांचं होतं तेच झालं. मुलं मोठी झाली, संध्याकाळी क्लास आले. ताईचं बारावीनंतर लग्न ठरलं आणि ती मनमाडला गेली, नवरा रेल्वेत. बाग विकली गेली, टाकी पाडली. मी कॉलेज केलं आणि नाशिकमधल्याच अंबडला एका कंपनीत लागले. मी गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकते. दिवसभर लोकांचा संताप शांत आवाजात ऐकून घेते आणि माझा स्वतःचा घरी नेते.

मागच्या वर्षी आमच्या ऑफिसात एक उत्साही नवी मुलगी आली. सगळ्यांनी एकमेकांना ओळखावं म्हणून तिनं जेवणाच्या सुट्टीनंतर दगड-कागद-कात्रीची स्पर्धा ठेवली. मला आनंद झाला, हे कबूल करते. कित्येक वर्षांत खेळले नव्हते. पहिली फेरी सिडकोतल्या एका मुलीबरोबर होती. तिनं कागद टाकला, मी कात्री. मी जिंकल्याच्या थाटात मागे वळले.

"हे काय होतं?" ती म्हणाली.

"कात्री. आपली, नाशिकची."

"नाशिकची?" ती हसली. "मी इथलीच आहे. असली कात्री मी जन्मात नाही बघितली."

मी बाकीच्यांना विचारलं. देवळालीचा एक जण होता, सातपूरचे दोघं होते, कुणालाच माहीत नव्हती. एकाच्या घरची पिंपळगावला बाग होती. तो म्हणाला, "कात्री असते तशी, पण खेळात कोण तशी धरतं?" तेवढ्यात सिडकोतल्या मुलीची नजर माझ्या हातावर गेली. तिचा चेहरा बदलला, आवाज एकदम मऊ झाला.

"अगं, सॉरी. तुला चालेल. टाक तू तशीच."

मी डोकं दुखतंय म्हणून जागेवर जाऊन बसले. घरी येताना त्र्यंबक रोडच्या सिग्नलला थांबले होते. समोर दिवा हिरवा झाला, मागचे हॉर्न वाजवायला लागले, आणि मला काही सुचेना. मला ती संध्याकाळ दिसत होती. गल्लीतली सगळी मुलं ओळीनं उभी, आणि प्रत्येकानं आपली चांगली धडधाकट दोन बोटं एकमेकांना चिकटवलेली. सगळ्यांचे हात माझ्या हातासारखे. हे मला कधी दिसलंच नव्हतं. मी द्राक्षं बघत राहिले होते.

कुणीही म्हणेल, किती छान, मुलांनी तुझ्यासाठी खेळ बदलला. मला छान वाटलं नाही. मला फार वाईट वाटलं. नियम माझ्यावर दया म्हणून केला असेल, तर मी तेव्हाही लिंबूटिंबूच होते, फक्त ते मला कळू दिलं नव्हतं. मग माझ्यावर आलेलं राज्य खरं होतं का? मी उडवलेले डबे? मी लपले असताना कुणी मुद्दाम मला न बघता पुढे गेलं असेल का? लहानपणातली जी काही थोडी वर्षं मी हात न लपवता जगले, ती हातातून निसटायला लागली. माझी झोप उडाली. शेवटी आईकडून ताईचा नंबर घेतला आणि एका रविवारी सकाळच्या गाडीनं मनमाडला गेले.

ताईनं स्टेशनवर यायची गरज नव्हती, तरी आली. प्लॅटफॉर्मच्या त्या टोकावरून मला हाक मारली आणि मधली सगळी माणसं वळून बघायला लागली. केस पिकले होते, अंग आणखी भरलं होतं, बाकी सगळं तेच. तिच्या रेल्वे क्वार्टरमध्ये गेलो. नवरा सुट्टीवर होता. मुलगी नववीत, आईसारख्याच आवाजाची. शेवभाजी केली होती, भाकरी, मिरचीचा ठेचा. जेवण होईपर्यंत मी विषय काढला नाही. नवरा बाहेरच्या खोलीत आडवा झाला आणि मुलगी मोबाइल घेऊन दारात बसली, तेव्हा विचारलं.

"ताई, द्राक्षाच्या कात्रीचा नियम तू माझ्यासाठी केला होतास का?"

"कसली कातर?"

मी हात पुढे करून दाखवली. तिला आठवलं आणि ती मोठ्यानं हसली. "ती व्हय. तुझ्यासाठी कशाला? माझ्यासाठी केला."

"तुझी बोटं तर चांगली होती."

"बोटांचं काय घेऊन बसलीस? माझे पाय बघ. मला कधी पळता आलं का? लपता आलं का? रोज पहिली मीच सापडायचे, रोज राज्य माझ्यावर. रडकुंडीला आले होते मी. आन तू पहिल्याच दिवशी काय धावत आलीस, काय डबा उडवला. म्हटलं, सुटले मी. तर तो मास्तरांचा म्हणतोय, धरत नाय, लिंबूटिंबू हाय." इतक्या वर्षांनीही तिला राग आला होता. भांडं आपटत म्हणाली, "लय डोकं फिरलं माझं. रातभर तेच. म्हटलं, काय बी करून हिला पक्की करायची. हिची बोटं काय सुटायची नाय, मग बाकीच्यांची चिकटवू."

"आणि द्राक्षाचं?"

"आईची कातर खिडकीत होती. तिच्याकडं बघता बघता सुचलं."

"म्हणजे माझी दया आली नव्हती तुला?"

तिनं माझ्याकडे असं बघितलं, अगदी त्या पहिल्या संध्याकाळी बघितलं होतं तसंच. तेव्हा ते बघणं मला कळलं नव्हतं. "दया? तू लपलीस ना, की मला धीर यायचा. येईल म्हणायचे, आता येईल आन उडवील. दया कसली. तू नसतीस तर मी डब्यापाशीच म्हातारी झाले असते."

मला रडू आलं आणि ते मी आवरलं नाही. ऑफिसातल्या त्या दिवसापासून मी हेच धरून बसले होते की कुणीतरी मोठ्या मनानं मला खेळात घेतलं. तसं नव्हतं. मी तिला हवी होते. माझे पाय हवे होते, आणि पायांसाठी तिनं गल्लीचे हात बदलले. इतकं स्वार्थी आणि इतकं सुंदर मला कुणी काही सांगितलं नव्हतं. ताई म्हणाली, "रडतीस काय? डोळे पूस, च्या ठेवते," आणि उठली. मोरीत भांड्यांचा ढीग होता. ती थबकली, भांड्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"भांडी कोण घासणार?" तिनं विचारलं आणि मूठ पुढे केली.

दारातून तिची मुलगी उठून आली. आतल्या आवाजानं नवराही उठून बसला. मी डोळे पुसून मूठ पुढे केली. दगड, कागद, कात्री. हात 'कात्री' म्हणतानाच पडले, दोघींचेही. मी कागद टाकला होता. ताईच्या हाताकडे बघितलं. अंगठा एका बाजूला, दोन बोटं दुसऱ्या बाजूला, घट्ट जुळलेली, मध्ये फट नाही.

"पहिला डाव कच्चा," मी म्हणाले.

"सकाळी पोरीबरोबर झाला माझा कच्चा. हा पक्का."

नवरा म्हणाला, "अगं, पाहुण्यांना भांडी घासायला लावतीस?" मुलीनं माझ्या हाताकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, "मम्मी, मावशीला सूट दे ना."

"हिला सूट नाय," ताई म्हणाली. "राज्य आलंय तिच्यावर."

मी बाह्या वर केल्या आणि मोरीत बसले. शेवभाजीची कढई तळाला करपली होती आणि बराच वेळ निघता निघेना. ताई चहा घेऊन उंबऱ्यावर बसली, गप्पा मारत राहिली, आणि तिनं एका भांड्यालाही हात लावला नाही.